मॅग्नेटवाला फिल्टर की जुनं स्टॉकिंग?

पीसीत धूळ जाऊ नये म्हणून स्वस्तात दोनच गोष्टी कामाच्या, रेडीमेड मॅग्नेटवाला फिल्टर नाहीतर जुनं नायलॉनचं स्टॉकिंग. मॅग्नेटवाला १२० एमएमच्या फॅनवर बाहेरून चटकन बसतो, काढला, नळाखाली धुतला, पूर्ण वाळला की परत लावला, पण पॅनल स्टीलचं पाहिजे, प्लास्टिकचं असेल तर चिकटणारच नाही. स्टॉकिंग जवळपास फुकट, वीण बारीक म्हणून बारीक धूळपण अडते, पण हवापण अडते ना, दुहेरी लावलं तर टेंपरेचर चढलंच समजा, आणि सैल राहिलं की फॅनच्या पात्यात जातं. मी तर मॅग्नेटवालाच घेईन, धुवायला सोपा असला तरच आपण धुतो (आळस, दुसरं काय). आणि काहीही लावा, आत हवा ओढणारे फॅन बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर फटीफटीतून धूळ आत येतेच.