लाल वहीतला नाताळ: 'डॅश अँड लिलीज बुक ऑफ डेअर्स'

बर्फ, दिवे आणि शेवटी मिठी, एवढ्यावर सुट्टीतल्या बऱ्याच प्रेमकथा निभावून नेतात. रेचल कोन आणि डेव्हिड लेव्हिथन यांची २०१० ची ही कादंबरी तशी नाही. न्यूयॉर्कच्या 'स्ट्रँड' या पुस्तकांच्या दुकानात, अमेरिकन लेखक सॅलिंजरच्या पुस्तकांशेजारी, डॅशला लिलीची लाल वही सापडते. मग एकमेकांना आव्हानं देत ती वही शहरभर फिरते. भेटण्याआधीच दोघं अक्षरांतून गुंतत जातात, आणि ही ओढ मला फार खरी वाटली. त्याला नाताळ नकोसा, तिला जीव की प्राण! दोघांचेही आईवडील जवळ नाहीत, म्हणून मोकळीक आहे आणि एकटेपणही. सुट्टीचा खरा उपयोग लेखकांनी इथे केलाय. डॅश अधूनमधून फारच शब्दबंबाळ होतो, तिथे पानं जड जातात. लिलीची प्रकरणं मात्र पुन्हा वाचावीत अशी. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला बेलाशक द्या.