नऊ महिने इंग्रजी शब्दशोधक वापरून: अक्षरं लगेच सापडतात, उच्चार मात्र आपणच चाळायचे

पुण्यातल्या धायरीत मी घरीच मराठी माध्यमाच्या पहिली-दुसरीच्या मुलांचा इंग्रजी वाचनाचा वर्ग घेते. सध्या सतरा मुलं येतात. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी पुष्कळ मुलं कविता घडाघडा म्हणतात आणि न पाहिलेला तीन अक्षरी शब्द आला की अडतात. म्हणून मी जॉली फोनिक्सच्या क्रमाने शिकवते, म्हणजे अक्षरांची नावं नाही, त्यांचे ध्वनी जोडून वाचायची पद्धत. ४२ ध्वनी, सात गट. पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन. ही सहा अक्षरं झाली की वाचायला फक्त त्यांचेच शब्द द्यायचे, न शिकवलेलं एकही अक्षर मधे यायला नको. असे दहा-बारा शब्द कुणालाही सुचतात. मला रोज नवे लागतात, कारण तेच ते दिले की मुलं वाचत नाहीत, आठवून सांगतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेली वर्कबुकं पंधरा दिवसांत संपली.

तेव्हा फोनवर शब्द शोधायचं एक फुकट अ‍ॅप घेतलं. सहा अक्षरं टाकली, शंभरावर शब्द आले, खूप आनंद झाला. आठवडाभराने लक्षात आलं की यात ‘सिट्स’ नाही, ‘पिप’ नाही, ‘टिंट’ नाही. अ‍ॅप स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळासाठी केलेलं होतं. त्या खेळात हातात सात सोंगट्या असतात आणि एक सोंगटी एकदाच लावता येते. म्हणून एस एकदा टाकला की दोन एस असलेला शब्द ते दाखवत नाही. खेळाच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, माझ्या कामाला मात्र निम्मंच उपयोगी.

तेव्हाच कळलं की ‘या अक्षरांचे शब्द’ म्हणताना आपण तीन वेगळे प्रश्न विचारत असतो. फक्त हीच अक्षरं, कितीही वेळा? ही अक्षरं हवीतच, बाकी काहीही चालेल? की ही अक्षरं याच क्रमाने, एकाला लागून एक? अ‍ॅप घेण्याआधी या तिन्ही प्रश्नांची सोय त्यात आहे का, हे बघाच.

दिवाळीला भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकून दिली आणि म्हणाला, “मावशी, अ‍ॅप कशाला हवं? शब्दांची यादी घे आणि ग्रेपने चाळ.” ग्रेप हा केन थॉम्प्सन यांनी १९७३ च्या सुमारास लिहिलेला छोटा प्रोग्राम. फाइलमधल्या ज्या ओळी दिलेल्या नमुन्यात बसतात, तेवढ्याच तो दाखवतो. माझा नमुना असा: आधी टोपीसारखं चिन्ह, मग चौकटी कंसात सहा अक्षरं, कंसाबाहेर अधिक, शेवटी डॉलर. टोपी म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट. सोबत कॅपिटल ई हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर अधिकाला तो नुसतं अधिकाचं चिन्ह समजतो. ‘हवीतच’ या प्रश्नासाठी एकेका अक्षराचा ग्रेप उभ्या रेघेने पुढच्याला जोडायचा. पहिल्या दिवशी आम्हाला एकही शब्द मिळाला नाही. आम्ही उतरवलेली फाइल विंडोजच्या पद्धतीची होती, प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक चिन्ह असतं आणि डॉलर तिथे अडतो. ते काढल्यावर ‘सिट्स’, ‘पिप’, ‘टिंट’, ‘स्टिंट’ सगळे आले. इंटरनेटही लागत नाही.

यादी कुठली घेता यावर खूप अवलंबून आहे. आधी घेतली ती एनेबल नावाची, सगळ्यांना मोकळी, सुमारे १,७३,००० शब्दांची. तिच्यात एआयटी असाही शब्द निघतो, म्हणजे नदीतलं छोटं बेट. एनआयपीए निघतो, तो एक ताड. सहा वर्षांच्या मुलाला हे देऊन काय करायचं? मग ‘ट्वेल्व्ह डिक्ट्स’ या संग्रहातली इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांच्या शब्दकोशांवरून केलेली यादी घेतली. सुमारे २२,००० शब्द, आणि कामाचे. पूर्वी वर्कशीटला संध्याकाळ जायची, आता वीस मिनिटं पुरतात.

पण एक चूक माझ्याकडून झाली आणि ती मला अजून लागून आहे. सहा अक्षरांच्या यादीतून मी ‘पेंट’ तसाच वर्कशीटवर घेतला. पी, ए, आय, एन, टी, पाचही शिकवलेली. एका मुलीने शिकवल्याप्रमाणे अगदी नीट वाचलं, “पॅ-इ-न्ट.” बाकीची हसली आणि ती पुढचे चार शब्द वाचेना. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ए-आय मिळून होणारा ध्वनी चौथ्या गटात येतो. यंत्राला अक्षरं कळतात, ती जोडीने वेगळं बोलतात हे कळत नाही. ओ-यू-जी-एच शोधलं तर ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’, ‘कॉफ’ एकाच रांगेत येतात. ए, मधे एक अक्षर, शेवटी ई असा मॅजिक ईचा (स्वतः न बोलता आधीचा स्वर बदलणाऱ्या ईचा) नमुना दिला तर ‘केक’, ‘टेप’बरोबर ‘हॅव’ही येतो.

उपाय म्हणून भाच्याने कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोकळा उच्चारकोश जोडून दिला. १,३४,००० हून जास्त शब्द, ३९ ध्वनी, प्रत्येक शब्दाचा उच्चार लिहिलेला. ‘पेंट’ आता आपोआप गळतो. पण उच्चार अमेरिकन आहेत. त्यात ‘हॉट’ आणि ‘फादर’ यांचा स्वर एकच आहे. आपल्याकडे ऑ आणि आ हे दोन वेगळे, आणि माझ्या मुलांना ते मराठीतून आधीच माहीत आहेत. म्हणून स्वरांसाठी मी त्याच्यावर विसंबत नाही, व्यंजनांसाठी वापरते.

शब्दकोडी किंवा स्क्रॅबलसाठी हवं असेल तर फोनवरचं अ‍ॅप पुरेसं आहे. वाचन शिकवत असाल तर ग्रेप आणि छोटी यादी घ्या. एक संध्याकाळ शिकण्यात जाईल. आणि छापण्याआधी प्रत्येक शब्द मोठ्याने वाचा.

सध्या डबल ओ चालू आहे. यादी क्षणात मिळाली, पण ‘बुक’मधला उ ऱ्हस्व आणि ‘मून’मधला दीर्घ. दोन वह्या केल्यात, एकीवर ऱ्हस्व उकार काढलाय, दुसरीवर दीर्घ. शब्द मी वाचते, आणि तो कुठल्या वहीत घालायचा ते मुलं ऐकून सांगतात.