नागपूरहून रेसिंग पाहायला: दिल्लीची गाडी धरावी की चेन्नईची?

तमिळनाडू एक्सप्रेस नागपूरला थांबते. ती उत्तरेला धरली की दिल्ली साधारण ११०० किलोमीटर, दक्षिणेला धरली की चेन्नईही जवळपास तेवढंच. त्यामुळे भारतातली मोटार रेसिंग एकदा डोळ्यांनी पाहायची असं ठरवलेल्या नागपूरकराला निर्णय अंतरावर सोडून देता येत नाही. आपल्याकडे ट्रॅक नाही. फुटाळ्यावर रात्री सायलेन्सर काढून बुलेट घुमवणारी पोरं आणि समृद्धीवर काटा कुठवर गेला ते सांगत फिरणारे काका, यांना मी रेसिंगमध्ये धरत नाही. ते पोलिसांचं खातं.

पर्याय तीन: ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. माझा कौल दक्षिणेला आहे. पण तुम्ही नेमकं काय पाहायला निघालात, त्यावर तो फिरूही शकतो.

आधी बुद्ध. ५.१२५ किलोमीटर लांबी, १६ वळणं, आराखडा हर्मन टिल्केचा. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेलच जिंकला आणि २०१३ मध्ये त्याने आपलं चौथं जगज्जेतेपदही इथेच पक्कं केलं. पहिल्याच वर्षी पहिल्या सरावात एक भटकं कुत्रं ट्रॅकवर शिरलं आणि सराव थांबवावा लागला; आपला देश आहे, इतकं चालायचंच. पुढे करांचा घोळ झाला. हा खेळ की करमणूक, इथपासून वाद होता. फॉर्म्युला वन गेली ती परत आली नाही. २०२३ च्या सप्टेंबरात मोटोजीपी, म्हणजे बाईकची जागतिक शर्यत, आली, मार्को बेझेकी जिंकला. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली.

म्हणजे ट्रॅक जागतिक दर्जाचा, पण त्याला नियमित घरचं माणूस नाही. मोठी शर्यत असेल तेव्हा या स्टँडवरून दिसणारं दृश्य देशात दुसरीकडे मिळणार नाही, मागची सरळ रेघ एक किलोमीटरहून लांब आहे. शर्यत नसेल तर मात्र नुसतं बांधकाम पाहून परत यायची वेळ येते. स्वतःची गाडी किंवा मोठी बाईक घेऊन ट्रॅक डे करायचा, म्हणजे शर्यतीविना ट्रॅकवर दिवसभर पळवायची असेल तर गोष्ट वेगळी, मग बुद्धच. आणि वारसा म्हणून काही पाहायचंच झालं तर हरियाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, ते एका दिवसाच्या टप्प्यात बसतं.

आता चेन्नई. इथे थोडं थांबावं लागेल, कारण भारतीय रेसिंगची मुळं इकडे आहेत. शहराच्या उत्तरेला कोलकाता रस्त्यावर शोलावरम आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. युद्ध संपलं, विमानं गेली, गाड्या आल्या. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब उभा राहिला आणि शोलावरमच्या शर्यतींना पुढची काही दशकं गर्दी लोटत राहिली. महाराजांच्या परदेशी गाड्या आणि गॅरेजमध्ये रात्र जागून ठोकून-ठाकून उभी केलेली यंत्रं एकाच रेषेवरून सुटायची. नंतर क्लबने स्वतःची जागा घेतली आणि बेंगळुरू रस्त्यावर श्रीपेरंबुदूरजवळ हा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक बांधला. १९९० पासून तिथे शर्यती होत आहेत.

माझ्या लेखी फरक इथेच आहे. हा ट्रॅक बुद्धसारखा बिल्डरचा नाही, शर्यतवाल्यांच्या क्लबचा आहे. त्याच्या आजूबाजूला एमआरएफसारखी टायर कंपनी आणि १९८२ पासून रेसिंग विभाग चालवणारी टीव्हीएस. ग्रां प्री निघून गेल्यावर नोएडा ओस पडलं. इथे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या चालूच राहिल्या. २०१० मध्ये एचआरटी संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला करुण चंढोक याच शहराचा. २०२४ च्या ऑगस्टअखेर तर चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सभोवती रस्त्यावर रात्रीची शर्यतही झाली. राष्ट्रीय फेरीत पॅडॉकच्या, म्हणजे संघ गाड्या तयार करतात त्या जागेच्या, जवळ जाता येतं, मेकॅनिकच्या शिव्या ऐकू येतात, गाडी कोणत्या वळणावर का मार खाते ते दोन लॅपमध्ये कळू लागतं. टीव्हीवर हे कधीच दिसत नाही.

कोइम्बतूर त्याच झाडाची फांदी, पण चवीला वेगळी. गिरण्या, पंप, फाउंड्रीचं शहर. हाताने यंत्र बनवणारी माणसं. एस. करिवर्धन इथलाच. त्याने मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही एकासनी रेसिंग कार बनवली आणि मध्यमवर्गीय पोरांना शर्यतीचं दार उघडलं. १९९५ मध्ये विमान अपघातात तो गेला, चेट्टीपाळयमचा २.१ किलोमीटरचा ट्रॅक त्याच्या नावाने आहे. २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयनही याच शहराचा. ट्रॅक आखूड असल्याने गाड्या पुन्हा पुन्हा समोरून जातात. पाहणाऱ्याला हे फायद्याचं. शहरात अविनाशी रोडवर जीडी कार म्युझियम आहे, ते चुकवू नका.

घरातलं कोणी स्वतः शर्यतीत उतरायचं म्हणत असेल, तर दिल्लीचा विचार सोडा. शर्यतीसाठी एफएमएससीआय या देशातल्या मोटारस्पोर्टच्या संघटनेचं लायसन्स लागतं आणि प्रशिक्षणाचा, सुरुवातीच्या फेऱ्यांचा बराचसा कारभार दक्षिणेत आहे. खिसा बेताचा असेल तर चाकं चार नकोत, दोन घ्या: टीव्हीएसच्या वन मेक (सगळ्यांना एकच बाईक) स्पर्धेत निवड फेरीतून पार झालात की शर्यतीची बाईक कंपनीची असते. एकासनी कारमध्ये एलजीबी फॉर्म्युला ४ ही बरी पायरी, तिचं इंजिन मारुतीचं आणि सुटे भाग आवाक्यातले. तरीही टायर आणि मोडतोड यांचा हिशेब आधी घरी मांडून ठेवा. बापाला नंतर कळलं तर पंचाईत.

हैदराबादचं काय, असं कोणी विचारेलच. आपल्याला सगळ्यात जवळ तेच, रस्त्याने ५०० किलोमीटर. २०२३ च्या फेब्रुवारीत हुसेनसागरच्या काठाने फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत, धावली, जाँ-एरिक व्हर्न जिंकला. २०२४ ची शर्यत सरकार बदलल्यावर रद्द झाली. त्याच्या भरवशावर रजा टाकू नका.

हवामानाचं एक. मे महिना वर्धा रोडवर काढलेल्याला चेन्नईचं ऊन काही वाटणार नाही, पण घाम वाळत नाही तिथे. ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस झोडपतो, तर नोएडात दिवाळीनंतर धुरकट. म्हणून आधी एफएमएससीआयचं वेळापत्रक पाहा, मग तिकीट काढा. फेऱ्यांच्या तारखा सरकतात. कोइम्बतूरची फेरी निघाली तर चेन्नईला उतरायची गरज नाही, केरळ एक्सप्रेस नागपूरहून थेट तिथे जाते.