जुन्या लॅपटॉपवर डेबियन 12

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून घेतलेल्या, 4 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मी डेबियन 12 ही विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त संगणक प्रणाली एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह वापरत आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जाहीर केलेल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची साधने आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) यांची सांगड घालून इयन मर्डॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेला डेबियन प्रकल्प आजही स्वयंसेवकच चालवतात, आणि तरीही त्याची शिस्त वाखाणण्याजोगी आहे.

मुक्त नसलेले फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवणारे, पण सोर्स कोड खुला नसलेले सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालण्याचा निर्णय प्रकल्पाने 2022 मध्ये मतदानाने घेतला. फक्त मुक्त सॉफ्टवेअरचाच आग्रह धरणाऱ्या तत्त्वनिष्ठांना तो रुचला नसेल. मला मात्र वायफाय पहिल्याच फटक्यात मिळाले. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट ही कळरचना निवडली आणि लोहित या देवनागरी फॉन्टचे पॅकेज बसवले की लिब्रेऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍य’ नीट उमटतात.

खरी अडचण वेगळीच आहे. मुंबईतल्या डीटीपीवाल्यांकडून येणाऱ्या बिगर-युनिकोड (अक्षरांची सर्वमान्य संकेतप्रणाली न पाळणाऱ्या) फॉन्टमधल्या जुन्या फायली इथे निव्वळ अगम्य अक्षरांचा ढीग म्हणून उघडतात आणि त्यांचे रूपांतर करताना जोडाक्षरे हाताने दुरुस्त करावी लागतात. हा दोष डेबियनचा नाही, पण ज्याचे पोट अशा फायलींवर आहे त्याने विंडोज पुसून टाकण्याची घाई करू नये. नवशिक्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे विनामूल्य उपलब्ध आहेत.