ठिबक चोंदलं: ॲसिड द्यायचं की क्लोरीन?

तासगावला कालव्याचं पाणी शेततळ्यात साठवून द्राक्षाला देतात, आटपाडीकडे कित्येक डाळिंबबागा बोअरच्या जड पाण्यावर आहेत. ड्रिपर दोन्हीकडे बंद पडतात, पण कारण एकच नसतं.

आधी लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळीच्या) शेवटचा एक ड्रिपर कापून बघा. पांढरी, कडक खपली दिसली आणि ॲसिडच्या थेंबाने फसफसली, तर तो चुना. त्याला ॲसिडच हवं. बोटाला बुळबुळीत लागणारा हिरवट-तपकिरी थर म्हणजे शेवाळ आणि जिवाणूंचा चिकटा, त्याला क्लोरीन. समुद्राकाठच्या वीजकेंद्रांतही थंड पाण्याच्या नळांत असा चिकटा आणि शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीनच सोडतात.

ॲसिडचं प्रमाण ऐकीव आकड्यावर ठरवू नका. 10 लिटर पाण्यात थोडं थोडं ॲसिड टाकत पीएच पट्टीवर सामू (पीएच, पाण्याचा आंबटपणा) 4 येईपर्यंत मोजा. 6 मिली लागलं, तर 1000 लिटरला 600 मिली. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. धातूचा फिल्टर गंजतो, म्हणून ते फिल्टरच्या नंतर सोडा.

क्लोरीन मात्र सँड फिल्टरच्या आधी सोडा, वाळूतला चिकटाही निघतो. पंप ताशी 20 हजार लिटर देत असेल आणि 20 पीपीएम (लिटरला 20 मिलिग्रॅम) क्लोरीन हवं असेल, तर 10 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ताशी 4 लिटर लागतं. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण तिच्यात चुना असतो. रात्रभर भिजवून वरचं नितळ पाणीच वापरा, नाहीतर चिकटा जाईल आणि गाळ अडकेल. सामू 7.5 च्या वर असेल तर क्लोरीनचा जोर बराच घटतो. पाण्यात लोह जास्त असेल तर जपून: क्लोरीनने त्याची तांबूस साय बनते आणि फिल्टरच्या नंतर बनली तर तीच ड्रिपरमध्ये बसते.

यातलं जे औषध सोडाल ते रात्रभर नळ्यांत मुरू द्या, मग शेंडे उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. उघड्या शेंड्यांतून निघणारं ते पाणी मुळांवर न जाता सरीतून बाहेर काढा.

ॲसिड आणि क्लोरीन एकत्र कधीही करू नका, एकाच बादलीतही नाही. विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही लागत असेल तर मध्ये एक दिवस जाऊ द्या आणि व्हेंचुरी (औषध ओढून नळीत सोडणारं साधन) धुऊन घ्या.

दर महिन्याला चिकटा येत असेल, तर शेततळ्यातला फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या ओढनळीच्या टोकाची झडप) तपासा. तो तरंगत्या डब्याला बांधून पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर ठेवा. वरचं शेवाळ आणि तळचा गाळ, दोन्ही टळतात.