बाबांच्या चार सोनोग्राफी: नऊ महिन्यांचा अनुभव

प्रोस्टेटच्या (पुरुषांमधली लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी) त्रासामुळे बाबांची (वय ७२) नऊ महिन्यांत चार वेळा सोनोग्राफी झाली. पहिली ठाण्यातल्या नौपाड्यात, पुढच्या तीन तिथल्याच पाचपाखाडीत.

नौपाड्यातल्या सेंटरने फोनवर एवढंच सांगितलं, ‘पाणी पिऊन या, लघवी करू नका.’ बाबा घरूनच लिटरभर पाणी पिऊन निघाले आणि नंबर लागला सव्वा तासाने. लघवीला जोर आलेला, घाम फुटलेला, तरी बिचारे बसून राहिले. त्याचा राग मला अजून आहे. तपासणीनंतर लघवी करून आल्यावर लघवीच्या पिशवीत १८० मिली शिल्लक दिसली. आम्ही घाबरलोच.

युरॉलॉजिस्टनी रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न केला, ‘किती वेळ रोखून धरली होती?’ पिशवी प्रमाणाबाहेर ताणली गेली की ती नीट आकसत नाही आणि शिल्लक खरी असते त्याहून जास्त दिसते. त्यांनी पुन्हा करायला लावली. पाचपाखाडीत आधी नंबर विचारला, मग तिथेच बसून पाणी. साधारण जोर आल्यावर आत घेतलं. शिल्लक ९० मिली!

पिशवी भरायची कशासाठी, हे तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवलं. आतड्यातल्या हवेतून आवाजाच्या लहरी पुढे जात नाहीत. भरलेली पिशवी आतडी बाजूला सारते आणि लघवीतून लहरी सरळ प्रोस्टेटपर्यंत पोचतात. ते थंडगार जेलही त्वचा आणि प्रोब (पोटावर फिरवतात ते उपकरण) यांच्यामधली हवा घालवण्यासाठीच. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं; पोटाच्या प्रोबच्या लहरी २ ते ५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे २० ते ५० लाख हर्ट्झच्या. शरीरात त्या सेकंदाला साधारण १५४० मीटर जातात, म्हणून प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. लघवीतून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून ती काळी दिसते. एक्स-रेसारखं रेडिएशन नसल्याने चार वेळा करायची भीती वाटली नाही.

दुखत अजिबात नाही. फक्त भरल्या पिशवीवर प्रोब दाबला की बाबा कळवळतात.

प्रोस्टेटचं माप नौपाड्यात ४६ ग्रॅम आलं, पाचपाखाडीत दहाच दिवसांनी ४२. स्क्रीनवर मापं हाताने घेतात, एवढा फरक पडतो म्हणाले. म्हणून आता सेंटर बदलत नाही आणि जुना रिपोर्ट सोबत नेते. गोळ्या सुरू आहेत. गेल्या महिन्यात शिल्लक ५५ मिली होती. बाबा रात्री एकदाच उठतात.