ड्वार्फ फोर्ट्रेस: आठ महिने खाणीत आणि भट्टीपाशी

आठ महिने झाले, जेवणं उरकली की मी ड्वार्फ फोर्ट्रेस उघडतो. 2006 पासून फुकट मिळणारा हा गेम 2022 च्या डिसेंबरात चित्रांसह स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला. मी तोच घेतला. यात बुटक्यांकडून जमीन खोदून किल्ला वसवायचा आणि सांभाळायचा असतो. बुटक्यांची शेती, पाहुणे, लढाया यांवर पानंच्या पानं लिहिता येतील. मला मात्र यातल्या धातूंनी धरून ठेवलंय, त्यामुळे तेवढ्याबद्दलच लिहितो.

पहिला किल्ला मी उघड्या माळावर बसवला. खाली हेमॅटाइटची तांबडी शीर लागली आणि कोठार लोहखनिजाने भरलं. पण भट्टीला जळण लागतं, आणि एका ओंडक्याचा कोळसा एकच होतो. आसपासची मोजकी झाडं संपली, दगडी कोळसा मिळालाच नाही. गॉब्लिन नावाचे शत्रू चालून आले तेव्हा खनिजाचा ढीग तसाच पडून होता आणि शिपायांच्या अंगावर चामडंच होतं. किल्ला पडला.

तेव्हापासून मी हिशोब मांडूनच जागा निवडतो. हेमॅटाइटच्या एका दगडातून लोखंडाच्या 4 कांबी निघतात. त्या चारही कांबींचं पोलाद करायचं तर वितळवण्यापासून शेवटपर्यंत 9 कोळसे आणि फ्लक्सचे (धातूतली घाण शोषून घेणारा दगड) 4 दगड जातात. चुनखडी, डोलोमाइट, खडू, संगमरवर, यातलं काहीही फ्लक्स म्हणून चालतं. आधी अर्ध्या लोखंडाचं बिडासारखं कच्चं लोखंड करायचं, मग ते उरलेल्या लोखंडाबरोबर पुन्हा भट्टीत घालायचं. बिट्युमिनस या दगडी कोळशाचा एक दगड 9 कोक (भाजलेला कोळसा, भट्टीत तोच वापरायचा) देतो, लिग्नाइट या हलक्या कोळशाचा 5. म्हणून सुरुवातीला नकाशावर मी आधी गाळाच्या खडकाचे थर शोधतो, कारण लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही तिथे एकत्र मिळण्याची आशा असते.

मी चंद्रपूरचा. कोळशाच्या खाणी आणि सिमेंटसाठी फोडली जाणारी चुनखडी लहानपणापासून बघत आलोय, आणि शेजारच्या गडचिरोलीत सूरजागडला लोहखनिज आहे. या तिघांचं एकमेकांशी नातं काय, हे मला या गेमने हातात देऊन दाखवलं. शाळेत ते नुसतं पाठ केलं होतं.

गॅलेना या शिशाच्या खनिजाचंही तसंच. त्यातून शिसं हमखास निघतं आणि प्रत्येक कांबीमागे चांदी निघण्याची शक्यता निम्मी. खऱ्या शिशाच्या खनिजातही चांदी दडलेली असते, त्यामुळे भट्टीतून पहिली चांदीची कांब बाहेर आली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

मॅग्मापर्यंत, म्हणजे खोलवरच्या वितळलेल्या खडकापर्यंत, पोचलात की सगळं गणित बदलतं. मॅग्माच्या भट्टीला जळण लागत नाही. पोलादात मुरणारा कोळसा तेवढा लागतो, म्हणजे त्याच 4 कांबींना 9 ऐवजी 4. मॅग्मा पंपांनी वर चढवण्यापेक्षा मी लोहार, जेवणघर, बिछाने सगळंच खाली नेलं. खनिज जिन्याने खाली वाहून न्यायला वेळ जातो, पण मला हेच बरं वाटतं.

एक कळकळीने सांगतो. 'दगड ओला आहे' अशी सूचना येऊन खोदकाम थांबलं, तर वरच्या मजल्यावर काय आहे ते बघितल्याशिवाय तिथे पुन्हा खोदायची खूण करू नका. मी तळ्याखाली घाईने खूण केली आणि तीन खाणकामगार बुडाले. त्यांचे टिकावही पाण्यातच राहिले, आणि टिकावाशिवाय खोदता येत नाही. गरम दगडाच्या सूचनेलाही हाच नियम लावा, कारण तिथे पलीकडे मॅग्मा असतो.

वस्ती दीडशेच्या पुढे गेली की माझा जुना लॅपटॉप धापा टाकतो. म्हणून मी लोकसंख्येवर मर्यादा घालून खेळतो.

सध्याच्या किल्ल्यात मॅग्माच्या समुद्रातून वर आलेला अ‍ॅडमंटाइन या काल्पनिक धातूचा निळा खांब दिसलाय. त्याचे धागे काढून चिलखतं घडवता येतात, पण खांब आतून पोकळ असतो आणि खूप खाली खोदत गेलं की तिथून जे बाहेर येतं त्यापुढे किल्ला टिकत नाही. आधी वीस शिपायांना डोक्यापासून पायापर्यंत पोलाद चढवायचं ठरवलंय. चौदा झाले.